दहा ग्रॅम सोन्यात सहा ग्रॅम न्यूट्रॉन

सराफाने काट्यावर दहा ग्रॅम चोख सोनं ठेवलं, तर त्यातलं जवळपास सहा ग्रॅम वजन न्यूट्रॉनचं असतं. उरलेले चार ग्रॅम प्रोटॉनचे. इलेक्ट्रॉन सगळे गोळा केले तरी दोन मिलिग्रॅमच्या थोडे वर भरतील. सराफाचा काटा त्यांची दखलही घेणार नाही.

सोन्याचं सोनेपण मात्र त्या चार ग्रॅमांत आहे. ज्या अणूच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन, तो अणू सोन्याचा. ७८ असतील तर प्लॅटिनम, ८० असतील तर पारा. यात न्यूट्रॉनला कोणी विचारत नाही. मग सहा ग्रॅमचं हे ओझं सोनं कशासाठी वागवतं?

निसर्गात सापडणाऱ्या सोन्याच्या प्रत्येक अणूत न्यूट्रॉन नेमके ११८ असतात. अणुभट्टीत सोन्याच्या पत्र्यावर न्यूट्रॉन सोडले की काही अणूंत ते ११९ होतात. असं सोनं रंगाने, रसायनाने अस्सल सोनंच असतं, पण पावणेतीन दिवसांत त्यातल्या निम्म्या अणूंचा पारा होतो. उलट दोन न्यूट्रॉन कमी करून ११६ ठेवले, तर साधारण सहा महिन्यांत निम्म्या अणूंचं प्लॅटिनम होतं. प्रोटॉन अणूला नाव देतात. ते नाव किती काळ टिकायचं हे न्यूट्रॉन ठरवतात.

आणि हे ओझं सोन्यापुरतं नाही. सूत म्हणजे सेल्युलोज: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. किलोभर वजनाची सुती सोलापुरी चादर घेतली तर तिच्यात सुमारे ४७० ग्रॅम न्यूट्रॉन निघतील. ती पांघरून झोपलेल्या साठ किलोच्या माणसात सत्तावीस किलोच्या आसपास. न्यूट्रॉनशिवाय निभावून नेणारं मूलद्रव्य एकच, साधा हायड्रोजन, कारण त्याच्या केंद्रकात प्रोटॉनच एक आहे. त्याला सांभाळायला दुसरं कोणी लागत नाही.

शेजाऱ्याचा हात आणि मैदानभर ऐकू येणारा भोंगा

आधी मापं बघू. कार्बनचं केंद्रक मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढं, म्हणजे चार मिलिमीटर, केलं तर अख्खा अणू सव्वाशे-दीडशे पावलं रुंद होईल. तीन एकराचं चौरस रान आणि मधोमध एक दाणा. बाकी रानभर इलेक्ट्रॉनचा वावर. अणूचं ९९.९ टक्क्यांहून जास्त वजन त्या दाण्यात असतं. प्रत्यक्षात दाण्याएवढी जागा केंद्रकाच्याच द्रव्याने ठासून भरली तर तिचं वजन ७५ लाख टनांच्या आसपास जाईल.

एवढ्या दाटीत प्रोटॉन कोंबायचे म्हणजे भांडण आलंच. प्रत्येक प्रोटॉन धन प्रभाराचा, आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. त्यांना धरून ठेवणारं बल वेगळं आहे: केंद्रकीय बल, ज्याला पुस्तकात प्रबळ बल म्हणतात. त्याची ताकद विद्युत बलापेक्षा कितीतरी मोठी, पण पोहोच जेमतेम एक-दोन फेम्टोमीटर, म्हणजे स्वतःच्या अंगाएवढीच.

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरची गर्दी आठवा. पोर हरवू नये म्हणून हात धरता येतो तो शेजारच्याचाच; दहा माणसांपलीकडच्याचा धरता येत नाही. भोंग्याचा आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. केंद्रकीय बल हातासारखं आहे आणि विद्युत प्रतिकर्षण भोंग्यासारखं. गर्दी वाढली तरी धरायला हात तेवढेच मिळतात, पण ढकलाढकली प्रत्येकाची प्रत्येकाशी होते. हिशेब सोपा आहे. कार्बनच्या ६ प्रोटॉनमध्ये भांडणाऱ्या जोड्या १५. लोखंडाच्या २६ मध्ये ३२५. शिशाच्या ८२ मध्ये ३,३२१. प्रोटॉन कार्बनच्या चौदापटही झाले नाहीत, भांडणं मात्र दोनशे एकवीसपट झाली.

इथे न्यूट्रॉन कामाला येतो. त्याला प्रभार नाही म्हणून तो कुणाला ढकलत नाही, पण हात धरायला प्रोटॉनइतकाच पक्का आहे. शिवाय मध्ये उभा राहून तो दोन प्रोटॉनमधलं अंतरही वाढवतो. नुसते दोन प्रोटॉन एकत्र राहत नाहीत. तसं केंद्रक जुळतच नाही. त्यांच्यात एक न्यूट्रॉन घातला की हेलियम-३ तयार होतो आणि तो कायमचा टिकतो. दुसरा घातला की हेलियम-४, जो फोडणं अतिशय अवघड.

म्हणून केंद्रक जसं मोठं होतं तसा न्यूट्रॉनचा वाटा वाढतो. कॅल्शियम-४० मध्ये २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन: बरोबरी. लोखंड-५६ मध्ये २६ ला ३०. शिसं-२०८ मध्ये ८२ ला १२६, म्हणजे दिडीपेक्षा जास्त. युरेनियम-२३८ मध्ये ९२ ला १४६, आणि एवढे घालूनही ते पूर्ण स्थिर होत नाही; फक्त इतकं सावकाश फुटतं की निम्मं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात. शिशानंतर कायमचं स्थिर असं एकही मूलद्रव्य नाही.

मग हवे तेवढे न्यूट्रॉन का नाही भरायचे?

न्यूट्रॉनची उपमा बहुतेक वेळा तिळगुळातल्या गुळाशी देतात: प्रोटॉन म्हणजे तीळ, न्यूट्रॉन म्हणजे पाक. सुरुवातीला ती बरी वाटते, पण पुढे दगा देते. गूळ जास्त झाला तर लाडू फार तर गोड होतो. न्यूट्रॉन जास्त झाले तर केंद्रकच बदलतं. दुसरं म्हणजे प्रोटॉनही एकमेकांना त्याच बलाने ओढत असतात, चिकटपणा एकट्या न्यूट्रॉनकडे नाही.

त्यापेक्षा दोन बाजूंचा वाडा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला प्रोटॉनचे मजले, दुसऱ्या बाजूला न्यूट्रॉनचे. प्रत्येक मजल्यावर खोल्या मोजक्या, आणि एका खोलीत एकच जण. हा पुंज भौतिकीचा नियम आहे, त्यात सवलत नाही. खालचे मजले भरले की पुढच्याला वर चढावं लागतं, आणि वर चढणं म्हणजे जास्त ऊर्जा. न्यूट्रॉनची बाजू फार उंच झाली आणि प्रोटॉनच्या बाजूला खाली खोली रिकामी असली, की वरचा न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन खाली उतरतो. उतरताना एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो (प्रभार नसलेला, अतिशय हलका कण) बाहेर फेकतो. यालाच बीटा क्षय म्हणतात. ११९ न्यूट्रॉनच्या सोन्याचं नेमकं हेच होतं: एक न्यूट्रॉन घटतो, एक प्रोटॉन वाढतो, ७९ चे ८० होतात. प्रोटॉन जास्त असतील तर उतरणं उलट्या दिशेने, आणि सोन्याचं प्लॅटिनम.

एकटा, मोकळा न्यूट्रॉनही टिकत नाही. सरासरी पंधरा मिनिटांत त्याचा प्रोटॉन होतो. तो प्रोटॉनपेक्षा ०.१४ टक्के जड आहे, आणि तेवढा फरक पुरतो. स्थिर केंद्रकात मात्र तो सुखरूप असतो, कारण प्रोटॉनच्या बाजूच्या खालच्या खोल्या भरलेल्या असतात. उतरायला जागाच नाही.

मजले पूर्ण भरण्याचे आकडे ठरलेले आहेत: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. त्यांना जादुई संख्या म्हणतात. या मजल्यांची उकल मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी केली. १९६३च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. पितळी भांड्याला कल्हई करतात त्या कथिलात ५० प्रोटॉन आहेत, प्रोटॉनची बाजू पूर्ण भरलेली. म्हणून ते न्यूट्रॉनच्या दहा वेगवेगळ्या संख्यांबरोबर स्थिर राहतं. हा सगळ्या मूलद्रव्यांतला विक्रम. उलट ४३ प्रोटॉनच्या टेक्नेशियमला न्यूट्रॉनची एकही संख्या कायमची मानवत नाही.

न्यूट्रॉन जोडीजोडीने सुखी असतात, प्रोटॉनही तसेच. दोन्ही विषम असले की केंद्रक बहुधा अस्थिर. याचं उदाहरण शेंगा चटणीत आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो: १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि त्यातले वीसेक अणू दर सेकंदाला फुटतात. बहुतेकांचं कॅल्शियम होतं, थोड्यांचा अरगॉन वायू. घाबरायचं कारण नाही; आपल्याच अंगात दर सेकंदाला असे चार हजारांवर अणू फुटत असतात, आणि शरीर पोटॅशियमची पातळी नेमून ठेवत असल्याने चटणी दोन चमचे जास्त खाल्ली म्हणून तो आकडा चढत नाही. तिखटाचं काय होईल ते वेगळं.

न्यूट्रॉन मोजताना होणारी चूक

शाळेत रीत शिकवतात: अणुवस्तुमानांकातून (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) अणुअंक (नुसते प्रोटॉन) वजा करा, न्यूट्रॉन मिळतात. सोडियम: २३ वजा ११, बरोबर १२. ॲल्युमिनियम: २७ वजा १३, बरोबर १४. इथपर्यंत ठीक, कारण या दोघांचे निसर्गात एकाच वजनाचे अणू सापडतात.

गडबड तांब्याशी होते. भिंतीवरच्या आवर्तसारणीत तांब्याखाली ६३.५५ लिहिलेलं असतं. विद्यार्थी ते ६४ करतो, २९ वजा करतो आणि ३५ न्यूट्रॉन लिहितो. निसर्गातल्या तांब्याच्या एकाही अणूत ३५ न्यूट्रॉन नसतात! तांब्याची नैसर्गिक समस्थानिकं, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले प्रकार, दोनच: ३४ न्यूट्रॉनचं तांबं-६३ आणि ३६ न्यूट्रॉनचं तांबं-६५. मधलं तांबं-६४ प्रयोगशाळेत बनवावं लागतं आणि पावणेतेरा तासांत निम्मं होतं. चांदीचंही तसंच. १०७.८७ बघून १०८ धरलं तर जो अणू हाती लागतो तो निसर्गातल्या चांदीत नाही. तिथे १०७ आणि १०९ आहेत, जवळपास निम्मे-निम्मे.

चूक कुठे होते? अणुवस्तुमानांक ही एका अणूतल्या कणांची मोजणी आहे, म्हणून ती नेहमी पूर्ण संख्या. सारणीतला दशांश आकडा ही सगळ्या समस्थानिकांची सरासरी आहे. ती अशी निघते: तांब्याच्या शंभर अणूंतले सुमारे ६९.१५ वजनाने ६२.९३ चे आणि ३०.८५ वजनाने ६४.९३ चे. दोन्ही गुणाकार करून बेरजेला शंभराने भागा: ६३.५५. सरासरीवरून एका अणूबद्दल बोलणं म्हणजे घरटी मुलांची सरासरी २.४ आहे म्हणून एखाद्याच्या घरी ०.४ मूल शोधायला जाणं. प्रश्नात समस्थानिकाचा आकडा दिला असेल तरच वजाबाकी करा. नुसतं मूलद्रव्य दिलं असेल तर आधी विचारा: कोणतं समस्थानिक?

भाकरी आणि भात

समस्थानिकांचं रसायन एकसारखं, असं आपण शिकतो. चादरीची नक्षी तीच, वजन वेगळं, एवढाच फरक. ढोबळमानाने खरंही आहे, कारण रसायन इलेक्ट्रॉन करतात आणि त्यांची संख्या प्रोटॉनवर ठरते. पण वजनाचा फरक अगदीच बिनकामाचा नसतो. जड रेणू किंचित मंद हालतो, त्याचे बंध किंचित जास्त घट्ट असतात. हा ‘किंचित’ मोजता येतो, आणि सोलापूरच्या ताटात तो छान दिसतो.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बहुतेक कार्बन-१२ असतो (६ न्यूट्रॉन) आणि एक टक्क्याच्या आसपास कार्बन-१३ (७ न्यूट्रॉन). भात, गहू, तूर, भुईमूग ही पिकं हा वायू रुबिस्को नावाच्या विकराने (एन्झाइमने) थेट पकडतात. रुबिस्को चोखंदळ आहे. हलका रेणू त्याला जास्त सोयीचा, जड रेणू तो मागे ठेवतो. ज्वारी, ऊस, मका, बाजरी यांची रीत वेगळी. तिथे आधी दुसरं विकर वायू पकडतं, आणि ते हलकं-जड फारसं बघत नाही. मग तो वायू आतल्या पेशींत जवळपास बंद करूनच रुबिस्कोच्या हवाली होतो, त्यामुळे त्याला निवड करायला वाव उरत नाही.

परिणाम असा: भातात दर एक लाख कार्बन-१२ अणूंमागे कार्बन-१३ चे सुमारे १,०८८ अणू सापडतात, तर ज्वारीत सुमारे १,१०४. लाखात सोळा अणूंचा फरक, तोही एकेका न्यूट्रॉनचा. वस्तुमान वर्णपटमापकाला, म्हणजे अणू-रेणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, तो आरामात दिसतो. आणि आपण जे खातो त्याचंच अंग बनत असल्याने, वर्षानुवर्षं कडक भाकरी खाणाऱ्याचे केस आणि भात खाणाऱ्याचे केस या यंत्रावर वेगळे निघतात. उत्खननात मिळालेल्या हाडांवरून जुने लोक कोणतं धान्य खात, हे याच फरकावरून सांगतात.

याच युक्तीने मधातली साखरेची भेसळही पकडली जाते. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक भाताच्या रीतीच्या वनस्पतींची. उसाची साखर ज्वारीच्या रीतीची. मधात उसाचा पाक मिसळला की कार्बन-१३ चं प्रमाण वर सरकतं. चव, रंग, घट्टपणा सगळं जुळवता येतं, न्यूट्रॉनचा हिशेब जुळवणं अवघड. पण या तपासणीला पळवाट आहे: भात किंवा बीटपासून केलेली साखर मिसळली तर कार्बन-१३ काहीच बोलत नाही, कारण ती पिकं फुलांच्याच रीतीची. म्हणून एकट्या या चाचणीवर मधाला शुद्धतेचा दाखला देणं चुकीचं.

पाण्यातही हाच खेळ. हायड्रोजनच्या साधारण ६,४०० अणूंत एक ड्युटेरियमचा असतो, म्हणजे एक न्यूट्रॉन बाळगणारा. पंधरा लिटरच्या घागरीतलं सगळं ड्युटेरियम गोळा केलं तर जेमतेम अडीच ग्रॅम जड पाणी होईल. हलके रेणू आधी उडतात, म्हणून उन्हाळ्यात आटत चाललेल्या तलावाचं पाणी किंचित जड होत जातं. त्यावरून बोअरच्या पाण्याची ओळख पटवता येते: ते पावसाचं थेट मुरलेलं, की तलावात तापून मग झिरपलेलं.

न दिसणारा कण पकडायचा कसा?

प्रभार नसल्यामुळे न्यूट्रॉन चुंबकाला, विद्युतक्षेत्राला जुमानत नाही. रदरफर्डने १९२० मध्ये असा कण असावा असं म्हटलं होतं, तरी तो सापडायला बारा वर्षं लागली. बेरिलियमवर अल्फा कण (हेलियमची केंद्रकं) आदळले की एक भेदक किरण निघतो, हे जर्मनीत दिसलं होतं. तो मेणावर पडला की मेणातून प्रोटॉन जोरात उडतात, हे फ्रान्समध्ये दिसलं. पण सगळे त्याला गॅमा किरण समजत होते. केंब्रिजच्या जेम्स चॅडविकने १९३२ मध्ये हायड्रोजन आणि नायट्रोजन किती वेगाने उडतात ते मोजलं आणि हिशेबातून दाखवलं की आदळणारी वस्तू प्रोटॉनएवढ्याच वजनाची असली पाहिजे.

मेणच का? गोट्या खेळलेल्याला सांगायला नको. गोटी तेवढ्याच गोटीवर नीट समोरून बसली तर मारलेली जागीच थांबते आणि दुसरी सुटते. तीच गोटी पाट्यावर मारा, तशीच उसळून परत येते. मेणात हायड्रोजन भरपूर, आणि हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं. वेगवान न्यूट्रॉन पुरता मंद व्हायला हायड्रोजनशी सरासरी १८ टकरा पुरतात, कार्बनशी ११४ लागतात, युरेनियमशी दोन हजारांवर.

या आकड्यांवर एक शेतीचं उपकरण चालतं: न्यूट्रॉन ओलावामापक. कोरडवाहू भागाला ते कामाचं, कारण रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते आणि ती ओल खाली मीटरभर किती उरली हे वरून कळत नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, ते या ओलीच्याच प्रश्नापायी.

जमिनीत ॲल्युमिनियमची नळी घट्ट बसवतात. खालचं तोंड बंद, वर झाकण. नळीतून अल्फा कण सोडणारं अमेरिसियम आणि बेरिलियम यांचं मिश्रण असलेली कांडी सोडतात. मूळ युक्ती चॅडविकच्या प्रयोगातलीच, बेरिलियमवर अल्फा. वेगवान न्यूट्रॉन मातीत घुसतात, पाण्यातल्या हायड्रोजनला धडकून मंदावतात, आणि काही परत फिरतात. कांडीतला शोधक फक्त मंद न्यूट्रॉन मोजतो. ओल जास्त, मोजणी जास्त. दर पंधरा सेंटीमीटरला थांबून मोजणी घ्यायची आणि आधी घेतलेल्या प्रमाण मोजणीने तिला भागायचं. त्या गुणोत्तराचं ओलीत रूपांतर करणारं कोष्टक बनवायला त्याच शेतातल्या मातीचे नमुने १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून वजनातला फरक काढावा लागतो. स्रोत किरणोत्सारी असल्याने परवाना आणि प्रशिक्षण लागतं, हे ओघाने आलंच.

चुका ठरलेल्या जागी होतात. वरच्या पंधरा-वीस सेंटीमीटरमध्ये न्यूट्रॉन हवेत निसटतात, म्हणून तिथे ओल खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. काळी जमीन उन्हात भेगाळली की नळीभोवती हवेची पोकळी होते, आकडा पुन्हा बिघडतो. चिकणमातीच्या कणांतच बांधलेला हायड्रोजन असतो. तो पिकाला मिळत नाही पण मोजणीत धरला जातो. त्यामुळे मुरमाड रानाचं कोष्टक काळ्या रानाला चालत नाही.

चौथी चूक जास्त फसवी. ॲल्युमिनियम महाग म्हणून कोणी शेतातलाच पीव्हीसी पाइप वापरतं, किंवा उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या रानात जुन्याच कोष्टकाने मोजतं. दोन्हीकडे ओल असूनही आकडा खाली येतो. कारण क्लोरीन, पीव्हीसीतही आहे आणि मातीतल्या मिठातही. क्लोरीन मंद न्यूट्रॉन गिळतो, ते शोधकापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यातही गिळणारं क्लोरीन-३५ आहे, १८ न्यूट्रॉनचं. रसायनाने अगदी तसंच असणारं क्लोरीन-३७ त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढेच गिळतं. त्याच्याकडे न्यूट्रॉन वीस आहेत, मजला भरलेला. नवा भाडेकरू घ्यायला अशी केंद्रकं सहसा नाखूशच. पण मिठातल्या दर चार क्लोरीन अणूंतले तीन पस्तीसचे असतात, म्हणून क्षारपड रानासाठी कोष्टक वेगळंच करावं लागतं.